पावणेसातला उघडणारं पाळणाघर, पाचापैकी चार (नर्सिंगचा विचार करणाऱ्या आयांनी वाचा)

आधी वेळ सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा मला तीच कुठे मिळत नव्हती. सकाळी पावणेसात. रत्नागिरीत मी जेवढी पाळणाघरं बघितली ती साडेआठ नाहीतर नऊला उघडणारी, म्हणजे बँकेतल्या नि शाळेतल्या बायांना बरोबर, पण आम्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींची मॉर्निंग पोस्टिंग (वॉर्डातली सकाळची ड्युटी) आठला सुरू होते आणि त्याच्या आधी युनिफॉर्म बदलून, केस जाळीत कोंबून, नखं कापलेली आहेत ना बघून पावणेआठला वॉर्डच्या दारात उभं राहायचं असतं. साडेआठच्या पाळणाघराचं मी काय लोणचं घालू?

नाव टाकत नाहीये. पाळणाघर चालवणाऱ्या काकींनीच सांगितलं नको टाकू, जागा कमी आहे, लोक दारात येऊन उभे राहतात नि मला कोणाला नाही म्हणायला जमत नाही. स्टँडपासून चालत सात-आठ मिनिटं, बोर्ड नाही, दारात रातांब्याचं झाड आणि पायरीवर बारक्या बारक्या चपला. विचारत गेलात तर कोणीही दाखवेल.

माझं थोडक्यात. वय 29, बारावी आर्ट्स, लग्नानंतर सहा वर्षं घरात, पोरगी आता साडेचारची नि पोरगा अडीचचा. जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. ॲडमिशन घेतली तेव्हा पोरगा अकरा महिन्यांचा होता आणि अख्ख्या वाडीने मला वेड्यात काढलेलं. आमचे हे ट्रॉलरवर असतात, मिरकरवाड्यातून बोट सुटली की कधी चार दिवस, कधी आठ दिवस. सासूबाई पहाटे जेटीवर लिलावाला, मग मार्केटात बसून मासे विकून दीड-दोनला घरी. म्हणजे आमच्याकडे दुपारनंतर माणूस आहे, रात्री पण आहे, पण सकाळी सात ते दोन पोरांजवळ कोण, एवढाच प्रश्न होता आणि तो सुटला नसता तर मी आज नर्सिंगला नसतेच. लोक भलतंच विचारतात. अभ्यास झेपतो का, ॲनाटॉमी इंग्लिशमधून कशी वाचतेस, रक्त बघून चक्कर येत नाही का. अहो दोन बाळंतपणं झालेल्या बाईला रक्ताची भीती कसली घालता!

बऱ्याच जणी विचारतात म्हणून नर्सिंगचं पण इथेच लिहून टाकते, मग परत पाळणाघरावर येते. एएनएम (जीएनएमच्या खालचा कोर्स) दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं. जीएनएमला बारावीला 40 टक्के नि इंग्लिश विषय पाहिजे, सायन्स असेल तर बरं पण आर्ट्सवाल्यांनाही घेतात (पुरावा मी), वय 17 ते 35. बीएससी नर्सिंग चार वर्षं, तिथे फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतंच, त्यामुळे माझ्यासारखीने तो नाद सोडायचा, जीएनएम झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बीएससी होता येतं. लग्न झालंय, पोरं आहेत म्हणून नियमात कुठे अडत नाही. अडतं ते हॉस्टेलला. काही कॉलेजात हॉस्टेल कंपल्सरी असतं, ते आधी विचारा, मी तीन ठिकाणी फोन केला होता आणि एका ठिकाणच्या बाईंनी "मुलं आहेत? मग आता कशाला?" म्हणून फोनच ठेवला. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल नि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना ते स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका, कारण पास झाल्यावर रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे करावं लागतं आणि तिथे नाही म्हणाले तर तीन वर्षं पाण्यात.

पण पोरांच्या आईसाठी खरी गोम आहे हजेरीत. परीक्षेला बसायला 80 टक्के लागतेच, पण वॉर्डातले जे दिवस ठरलेत ते शेवटी सगळेच्या सगळे भरून द्यावे लागतात, डिप्लोमा हातात पडायच्या आधी. म्हणजे पोराला ताप आला म्हणून तुम्ही चार दिवस घरी बसलात तर ते चार दिवस कुठे जात नाहीत, तुमच्या दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसतात. माझे सहा बसले होते. म्हणून मी म्हणते कॉलेज नंतर बघा, आधी पाळणाघर बघा.

तर पाळणाघर. दोन खोल्या नि पडवी, पंधरा-सोळा पोरं, काकी स्वतः नि हाताखाली एक मुलगी. काकी आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या, त्यामुळे पोरं सांभाळायचा हात बसलेला आहे. फी एका पोराची महिना 2200, माझी दोन म्हणून 4000. दोन वाजेपर्यंत ठेवा नाहीतर सातपर्यंत ठेवा, फी तीच. सातनंतर अर्ध्या तासाला 50 रुपये, आणि ते काकी मागत नाहीत, भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलने लिहून ठेवतात आणि महिनाअखेर तुम्हाला दाखवतात, त्याने जास्त लाज वाटते.

जेवण मस्त. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी मऊ भात नि कुळथाची पिठी, नाहीतर वरण, आणि मे महिन्यात पोरांना गरे नि आंबे इतके की माझ्या पोरीची शी पिवळीधमक झालेली बघून मी पुस्तक काढून बसले होते. पण जेवायला घालायची पद्धत कडक, जेवला नाहीस तर झोप नाही, झोपला नाहीस तर खेळ नाही. माझी पोरगी आता बाकीच्या पोरांना दम देते की जेवा नाहीतर माझी आई येऊन सुई टोचेल. दोन आयांनी मला हसत हसत सांगितलं, एकीने न हसता सांगितलं.

दुधाचं सांगायलाच पाहिजे. पोरगा अंगावर पीत होता आणि मला वाटलेलं आता तोडावं लागणार. काकी म्हणाल्या, "तोडतेस कशाला गो, काढून दे, मी पाजते." बाटली आणली तर परत पाठवली, वाटी-चमच्याने पाजायच्या, अकरा महिन्यांचं पोर मांडीवर आडवं घेऊन एक थेंब न सांडता. आता वर्गात शिकले की बाटलीपेक्षा वाटी-चमचा का बरा, स्वच्छ करायला सोपा, जंतू अडकून राहत नाहीत, काकींना हे कोणी शिकवलं असेल अंगणवाडीत नाहीतर त्यांच्या आईने. काढलेलं दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, मग फ्रीज. आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की गेली, झाड पडलं वायरीवर की संध्याकाळपर्यंत वाट बघा. तर मी बोटीवरची बर्फाची छोटी थर्माकोलची पेटी नेऊन दिली. व्हिमने धुतली, चिंचेने धुतली, लिंबाने धुतली, तरी झाकण उघडलं की बांगड्याचा वास. डबा घट्ट बंद असायचा, दुधाला काही लागलं नाही, पण काकी रोज म्हणायच्या पोरगा तांडेल (बोटीचा मुख्य) होणार बघ.

आता एक स्टार का कापला ते. एक नाही, दोन कापणार होते.

मागच्या ऑगस्टमध्ये पोराला जुलाब लागले. सकाळी सोडलं तेव्हा ठीक होता, दहाला काकींचा फोन येऊन गेलेला पण वॉर्डात मोबाइल लॉकरमध्ये असतो, मी बघितला दोनला. धावत गेले. फळीवर स्टीलचा ग्लास, त्यात ओआरएस, आणि बाजूला अर्धं पाकीट कपडे वाळत घालायचा चिमटा लावून संध्याकाळसाठी ठेवलेलं. म्हणजे अर्धं पाकीट एका ग्लासात. आदल्याच आठवड्यात चाइल्ड हेल्थ नर्सिंगला मॅडमनी पाकीट हातात धरून सांगितलेलं, मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, अख्खं पाकीट एकदम, कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं आणि ते बारक्या पोराला घातक, केलेलं पाणी 24 तासांनी फेकायचं. मी ग्लासाचा वास घेतला, चाखून बघितलं, समुद्राचं पाणी. माझे हातपाय गार. ओरडलेच मी, "काकी हे काय दिलंत तुम्ही त्याला?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं असंच देते मी. एक पोर गेलं नाय माझ्या हातून."

त्यावर काय बोलणार. त्याने तीन-चारच चमचे घेतले होते, थुंकला होता, चांगलं केलंन त्याने. डॉक्टरांकडे नेला, दोन दिवसांत बरा झाला, झिंकचं औषध मात्र 14 दिवस पुरं दिलं, जुलाब थांबले म्हणून मधेच सोडायचं नसतं. पण मी रात्रभर विचार करत होते की पाळणाघर बदलू तर कुठे बदलू, आणि दुसरं म्हणजे माझाच आवाज कानात येत होता. वॉर्डात इन्चार्ज सिस्टर नातेवाइकांवर ओरडतात तो मला अजिबात आवडत नाही, आणि मी डिट्टो तसाच लावला होता.

चौथ्या दिवशी पोराला घेऊन गेले. फळीवर एक लिटरची पाण्याची बाटली, गळ्याजवळ लाल नेलपॉलिशने आडवी लाइन, खाली स्केचपेनने "एक पाकीट एक बाटली". काकी तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बघ गो, लायन बरोबर आहे ना." मी घरून मापाचा जग नेऊन दुसऱ्या दिवशी तपासली. बरोबर होती.

त्या दिवसापासून एक दुसरं लफडं झालं, मी तिथली फुकटातली सिस्टर झाले. कोणाला पुरळ आलं, दाखव हिला. मध्यंतरी दोन-तीन पोरांना तोंडात फोड नि तळहाता-तळपायावर लाल ठिपके आले तर काकींनी सगळ्या आयांना फोन करून सांगितलं कांजण्या आल्या. मी सांगितलं अहो हे हँड फूट माउथ असणार, डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि तसंच निघालं. पण माझा पोरगा त्यातलाच एक, मग नियमाप्रमाणे आठवडाभर बंद. नियम चांगला आहे, तापाचं पोर काकी घेत नाहीत, पूर्वी कपाळावर हात ठेवून ठरवायच्या, आता थर्मामीटर आणलाय. पण वरती जे माझे सहा दिवस सांगितले ते हेच, दिवाळीत सगळे फराळ करत होते नि मी फीमेल मेडिकल वॉर्डात बेड करत होते. यात काकींची चूक नाही, पण तुम्ही हिशोब धरून ठेवा, वर्षाला प्रत्येक पोराचे पाच-सात दिवस आजारपणाचे जाणारच.

सुट्ट्या. इथे आमचं गणित जमतं, तुमचं जमेलच असं नाही. गणपतीत काकी सात दिवस बंद. कोकणात गणपतीत कोण कामाला असतं तर एसटीचे ड्रायव्हर नि हॉस्पिटल. पण गणपतीत मासे कोण घेतंय, सासूबाई घरीच असतात, म्हणून मला झळ लागली नाही. शिमग्याला मात्र पाच दिवस बंद, पालखी घरी येणार म्हणून, आणि शिमग्यात मार्केटला गिऱ्हाईक असतं, सासूबाईंना बसावंच लागतं, तेव्हा मी वहिनीला बोलावून घेतलं. मे महिन्यात दहा दिवस काकी लेकीकडे विरारला. आणि जून-जुलै. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, दोन महिने आमचे हे घरी, म्हटलं चला आठ हजार वाचले. तर काकी म्हणे जागा धरून ठेवायची तर अर्धी फी. मी भांडले. मग पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी फोन केला की पोरगी कडीला लटकते, पोरगा बादलीत बसतो नि हे एकटे माणूस, दोन दिवस तरी पाठव. पाठवली. अर्धी फी वसूल झाली म्हणायची, तरी अर्ध्या फीबद्दल माझं मत बदललेलं नाही, पावसाळ्यात बोटवाल्यांच्या घरी पैसा नसतो, हे काकींना माहीत आहे.

नाइट. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. रात्री आठ ते सकाळी आठ. काकी रात्रीचं पोर ठेवत नाहीत, आधीच स्पष्ट सांगतात, मला पटतं ते. माझ्याकडे रात्री सासूबाई असतात, पण त्यांना पहाटे पाचला निघायचं, आणि मी साडेआठला येणार. त्या आठवड्यात काकींनी साडेपाचला दार उघडलं. शेजारच्या भावोजींच्या रिक्षात दोन्ही पोरं झोपेतच गुंडाळून नेली, काकींनी तशीच उचलून गोधडीवर टाकली. पैसे विचारले तर नको म्हणाल्या, मग सासूबाईंनी रोज बांगड्याचा एक वाटा दिला तो मात्र घेतला, शनिवारी कोळंबी मागून घेतली. पहिल्या दिवशी मी नाइट करून साडेआठला पोरांना लगेच घरी नेलं, आई म्हणून जिवाला लागलं ना, आणि अकरा वाजता गॅसवर कढई ठेवून उभ्या उभ्या माझा डोळा लागला. मोहरी जळाल्याच्या वासाने जागी झाले. दुसऱ्या दिवसापासून आधी झोप, दोनला पोरं. तुम्ही पण तसंच करा, कोण काय म्हणतं ते म्हणू दे.

कॉलेजात पाळणाघर का नाही असं कोणी विचारेल. कायद्यात 2017 पासून आहे की 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर द्यायचं आणि आईला दिवसातून चार वेळा पोराला बघायला जाऊ द्यायचं. पण ते कर्मचाऱ्यांना. आम्ही विद्यार्थिनी, आम्ही कुठल्या यादीत? वर्गातल्या बाकी मुली अठरा-एकोणीसच्या, मला ताई म्हणतात, नोट्स देतात, पण त्यांना दूध उतरून युनिफॉर्म ओला होणं म्हणजे काय ते कसं कळणार. चेंजिंग रूमच्या दाराला पाठ लावून दूध काढलंय मी.

अजून तक्रारी. टीव्ही दुपारी तीननंतर चालू असतो, कार्टून असेल तर ठीक, पण कधी कधी हाताखालच्या मुलीची सिरियल असते आणि माझ्या पोरीला आता सासू-सुनांची भांडणं तोंडपाठ आहेत. संडास मागच्या बाजूला, पावसात पोरांना छत्री धरून न्यावं लागतं, शेवाळ असतं, ब्लीचिंग पावडर टाकून घासा म्हणून मी दोनदा सांगितलं, एकदा टाकली. वरच्या सातच्या पुढच्या पेन्सिलीच्या हिशोबात एकदा 100 रुपये जास्त लागले होते, दाखवल्यावर खोडले.

येण्या-जाण्याचं: मी भाट्याच्या पलीकडून येते, सव्वासहाची गाडी, 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे नि पोरं पाचच्या आतली म्हणून त्यांचं तिकीटच नाही, म्हणून परवडतं. पोरगी पाचची झाली की तिचं अर्धं सुरू होईल. गाडी चुकली तर रिक्षा, नि रिक्षात मग महिन्याचं बजेट गेलं.

तर पाचापैकी चार. नेलपॉलिशच्या लाइनमुळे तीनवरून चार.

जागा सध्या दोन आहेत असं काकी म्हणाल्या, जूनमध्ये बोटवाल्यांची पोरं घरी असतात तेव्हा जाऊन विचारा, जास्त चान्स. सोबत लसीचं कार्ड न्या, आता बघतात (मीच सुरू करायला लावलं). पिशवीत दोन चड्ड्या द्या म्हणतात, दोन पुरत नाहीत, तीन द्या, पावसाळ्यात पाच. पडवीत दोरीवर वाळत घालतात पण वाळतं कुठे काय.